जुन्या घोंगडीला गळा

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज पाटी बाजूला ठेवा. आज सुई, दोरा आणि मापाची टेप घेऊन बसायचे आहे. कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही वाचायला आलो आणि तुम्ही शिवण काय काढता?" पण हाही वाचनाचाच धडा आहे. ऐका म्हणजे कळेल.

पौष महिना चालू आहे. रात्री आठ वाजता तुम्ही इथे येता. कोणी घोंगडी पांघरून येतो, कोणी शाल, कोणी चादर. आम्ही तुमच्याकडे बघत असतो. एका हाताने तुम्ही लिहिता आणि दुसऱ्या हाताने पांघरूण धरता. मग वही धरायला तिसरा हात कुठून आणायचा? वही सरकते आणि ओळ वाकडी जाते. तो दोष तुमच्या अक्षराचा नाही, पांघरुणाचा आहे.

शेतातही हीच गत. रात्रीची वीज आली म्हणजे दारे धरायला जावे लागते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडे. घोंगडी धरायची कशाने? दाताने? ती खांद्यावरून सटकते, पाटात पडते, भिजते. मग माणूस ती बांधावर टाकतो आणि उघड्या अंगाने पाण्यात उभा राहतो. पहाटे खोकत घरी येतो.

घरात बायामाणसांचे तेच. पदर सांभाळायचा, त्यावर शाल सांभाळायची, आणि फुंकणी धरून चूल पेटवायची. एवढ्यात शालीचे टोक चुलीत जाते. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या घरात घडले ते सांगतो.

ती हकिकत सांगायला आम्हाला लाज वाटते. पण मास्तराने आपली चूक फळ्यावर लिहिली, तर मुले ती चूक सहसा करत नाहीत. असा आमचा अनुभव आहे. म्हणून सांगतो.

आमच्या थोरल्या बहिणीला आम्ही आक्का म्हणतो. आक्कांचे वय आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. त्या आमच्याजवळच राहतात. आई लवकर गेली, तेव्हा आक्कांनीच आम्हाला वाढवले. आमच्या शाळेच्या फीला पैसे नसत. आक्का लोकांच्या रानात निंदणीला जायच्या आणि फी भरायच्या. स्वतः मात्र त्या एक दिवसही शाळेत गेल्या नाहीत.

आक्कांजवळ एक काळी घोंगडी होती. आमच्या वडिलांनी घेतलेली. धनगराच्या मेंढरांची लोकर, सनगराने मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. अशी घोंगडी तुम्हाला नवी नाही. पावसात तिची खोळ करून डोक्यावर घेतली, की पाणी वरून निथळून जाते. पण ती घोंगडी आता मधोमध विरली होती. एका जागी तर मूठ जाईल एवढे भोक पडले होते.

आम्हाला वाटले, हेडमास्तराच्या बहिणीने फाटकी घोंगडी पांघरावी हे बरे दिसत नाही. आम्ही निवृत्त झालो त्या हिवाळ्यात आठवड्याच्या बाजारातून नवे ब्लँकेट आणले. गुलाबी रंग, मोठमोठी फुले, हाताला लोण्यासारखे मऊ. जुनी घोंगडी आम्ही गोठ्यात वासराच्या अंगावर टाकली.

आक्का म्हणाल्या, "अरे बाळ, माझ्या घोंगडीला काय झालंय? अजून ऊब हाय तिला."

आम्ही म्हणालो, "आक्का, आता नवं पांघर."

पंधरा दिवस गेले. एका पहाटे आक्का पाणी तापवायला चुलीपुढे बसल्या. ब्लँकेट खांद्यावरून घेतले होते. फुंकणी घेऊन त्या पुढे वाकल्या आणि ब्लँकेटचे टोक घसरून विस्तवावर गेले. लोकर असती तर आधी करपली असती. केस जळाल्यासारखा वास सुटला असता आणि आक्का सावध झाल्या असत्या. पण हे ब्लँकेट पेटले आणि मेणासारखे वितळले. वितळून आक्कांच्या डाव्या हाताला चिकटले.

आम्ही धावलो. जळता भाग विझवला आणि घाईघाईने ब्लँकेट हाताचे ओढून काढले. त्याबरोबर कातडीही निघाली. नवे ब्लँकेट आणले ही आमची पहिली चूक. ओढून काढले ही दुसरी. मग शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आम्ही त्या हातावर टूथपेस्ट थापली. ती तिसरी. डॉक्टरांनी ते सारे धुऊन काढले, तेव्हा आक्का ओरडल्या नाहीत. नुसत्या आमच्याकडे बघत होत्या. ते बघणे आम्हाला अजून आठवते.

घरी आल्यावर आम्ही ते जळके ब्लँकेट उचलून पाहिले. त्याच्या कोपऱ्याला बोटभर चिठ्ठी शिवलेली होती. इंग्रजीत दोन ओळी होत्या. पहिली ओळ: शंभर टक्के पॉलिएस्टर. दुसरी ओळ: विस्तवापासून दूर ठेवा.

मंडळी, पस्तीस वर्षे आम्ही मुलांना वाचायला शिकवले. आणि आपल्या बहिणीच्या अंगावर आपण काय घालतो, ती दोन ओळींची चिठ्ठी आम्ही वाचली नाही. वाचता येणे निराळे आणि वाचणे निराळे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट मनात पक्की धरा. अंगावरचा कपडा पेटला तर पळू नये. पळाले की वारा लागतो आणि आग वाढते. जमिनीवर पडून लोळावे. भाजलेल्या जागेवर साधे थंड पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ लावू नये. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठी काढून ठेवावी. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांतले काही लावू नये. स्वच्छ सुती कापडाने हलकेच झाकावे आणि दवाखाना गाठावा. भाजणे मोठे असेल तर १०८ नंबरला फोन करावा. रुग्णवाहिका येते, तिला पैसे पडत नाहीत.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. आक्कांचा एक हात पट्टीत. थंडी तर पडलेली. उरलेल्या हाताने पांघरूण धरावे, तर पाण्याचा पेला कशाने धरायचा? ओसरीवर बसून आम्ही विचार करत होतो. तेव्हा आम्हाला भूगोलाच्या पुस्तकातले एक चित्र आठवले.

दक्षिण अमेरिका नावाचा एक दूरचा खंड आहे. तिथे अँडीज नावाचे उंच डोंगर आहेत. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच. महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. पण पेरू आणि बोलिव्हिया या देशांत लोकांची गावेच्या गावे कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर वसलेली आहेत. तिथे रात्री कडाक्याची थंडी पडते. तिथले लोक लामा आणि अल्पाका नावाची जनावरे पाळतात. त्यांच्या लोकरीची पांघरुणे विणतात. पण ती पांघरुणे ते आपल्यासारखी खांद्यावरून घेत नाहीत. दोन पट्ट्या विणतात, त्या मधोमध जोडतात आणि जोडताना डोके जाईल एवढी फट ठेवतात. त्या फटीतून डोके घातले की पांघरूण पुढे आणि मागे सारखे लोंबते. ते पडत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. त्याला पोंचो म्हणतात.

ते चित्र आम्ही किती तरी वर्षे मुलांना दाखवत आलो होतो. आपल्या घरी त्याचा उपयोग होईल, हे कधी डोक्यात आले नव्हते. आम्ही उठलो, गोठ्यात गेलो आणि वासराच्या अंगावरची घोंगडी काढून आणली. भोक नेमके मधोमध होते. आणि गळाही मधोमधच लागतो! जिथे घोंगडी फाटली, तिथेच तिचा गळा काढायचा. फाटलेला भाग वाया गेला असे वाटत होते. तोच भाग कामी आला.

आता हे कसे करायचे ते नीट ऐका.

पहिली गोष्ट, पांघरूण पारखून घ्या. घरात जुनी घोंगडी, कांबळे किंवा ब्लँकेट असेल. कोणी बोहारणीला देऊन भांडे घेणार असेल. ते देऊ नका. नसेल तर जुन्या कपड्यांच्या बाजारात स्वस्तात मिळते. बाजारातली पुष्कळ ब्लँकेटे हरियाणातल्या पानिपतहून येतात. पानिपत म्हटले की आपल्याला १७६१ सालची लढाई आठवते. आज ते गाव गिरण्यांचे आहे. थंड मुलुखातले जुने लोकरी कपडे तिथे येतात. ते रंगारंगाने वेगळे करतात, पिंजतात, पुन्हा सूत कातून त्याची ब्लँकेटे विणतात. म्हणजे जुन्याचे नवे करणे हा काही गरिबाचा चाळा नाही. त्यावर गिरण्या चालतात. पण त्याच पानिपतला हल्ली पॉलिएस्टरची ब्लँकेटेही होतात. म्हणून पारख हवी.

चिठ्ठी असेल तर वाचा. इंग्रजीत असेल तर दुकानदाराला वाचायला लावा. चिठ्ठी नसेल तर कडेचे दोन धागे उपसा. ते चिमट्यात धरून दिव्याच्या ज्योतीवर न्या. खाली ताटली ठेवा आणि जवळ पाणी ठेवा. केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली, तर ती लोकर. कागद जळाल्याचा वास आला आणि मऊ राख झाली, तर ते सूत. धागा वितळला, थेंब पडला आणि त्याचा टणक मणी झाला, तर तो नकली धागा. काही ब्लँकेटांत दोन्ही मिसळलेले असते. थोडासा जरी मणी झाला तरी ते नकलीच समजा.

नकली ब्लँकेट फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. अंथरुणात ते ऊब देते. वर्गात बसायला त्याचीही गळघोंगडी करता येते. पण चूल, शेकोटी, कंदील, विडी यांच्याजवळ ते अंगावर नको. सूतही झटकन पेटते, हे विसरू नका. लोकर पेटायला वेळ लागतो. म्हणून विस्तवाशी ज्याचे काम, त्याने लोकरच घ्यावी आणि तरीही जपावे.

दुसरी गोष्ट, स्वच्छता. दुसऱ्याने वापरलेले पांघरूण तसेच अंगावर घेऊ नका. त्यातून उवा आणि खरूज येते. ते पोत्यात घालून तोंड घट्ट बांधा आणि दोन आठवडे बाजूला ठेवा. माणसाच्या अंगापासून दूर राहिले की हे जीव जगत नाहीत. मग झटकून कडक उन्हात टाका. लोकर कढत पाण्यात घालू नका. ती आटते आणि तिचा नमदा होतो. रिठ्याच्या गार पाण्यात बुडवा, हलक्या हाताने दाबा, पिळू नका. बाजेवर पसरून सावलीत वाळवा. धुणे हे कापण्याच्या आधी करायचे. आटायचे असेल तेवढे आधीच आटू द्या. नाही तर मापात फसाल.

तिसरी गोष्ट, माप. आक्कांची घोंगडी साडेसात फूट लांब आणि पाच फूट रुंद भरली. म्हणजे ९० इंच आणि ६० इंच. टेप नसेल तर हाताने मोजा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. एक हात म्हणजे १८ इंच धरा. एक वीत म्हणजे ९ इंच. लांबी बरोबर पाच हात झाली.

त्या दिवशी टेपचे दुसरे टोक आक्कांनी धरले होते. उजव्या हाताने. त्यांनी विचारले, "बाळ, पुढं किती आणि मागं किती?"

आम्ही म्हणालो, "पुढे छत्तीस आणि मागे छत्तीस."

"छत्तीस कसा काढतात?"

टेपवरचे आकडे इंग्रजी होते. म्हणून आम्ही खडूने ओसरीवर मराठी छत्तीस काढला. ३ आणि ६.

आक्का बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे दोघं तर एकमेकांकडं पाठ करून बसलेत. म्हणून लोक छत्तीसचा आकडा म्हणतात होय?"

आम्ही हसलो. हसता हसता आमचा घसा दाटून आला. पंचाहत्तर वर्षांची बाई. आयुष्यभर छत्तीसचा आकडा म्हणत आली, पण तो कसा दिसतो हे तिला कोणी दाखवले नव्हते. आणि तिच्या पैशाने शिकलेला भाऊ घरातच होता. गावातली सगळी मुले आम्ही शिकवली. आक्का मात्र राहिल्या. ब्लँकेटची चिठ्ठी न वाचण्याहून ही चूक मोठी.

त्या दिवशी आक्का पहिला आकडा शिकल्या. पुढच्या महिन्यात आम्ही हा वर्ग सुरू केला. वर्ग कसा सुरू झाला असे तुम्ही विचारत असता. तो असा, एका फाटक्या घोंगडीपासून सुरू झाला.

असो. फळ्याकडे बघा आणि मापे वहीत उतरवून घ्या.

घोंगडीची लांबी: ९० इंच
घोंगडीची रुंदी: ६० इंच
मधला विरलेला पट्टा: ८ इंच रुंद
उरलेल्या दोन पट्ट्या: प्रत्येकी २६ इंच रुंद
पुढची लांबी: ३६ इंच
मागची लांबी: ३६ इंच
गळ्याची फट: १२ इंच (पुढे ७, मागे ५)

हिशेब करून बघा. ६० मधून ८ गेले, ५२ राहिले. ५२ चे निम्मे २६. छत्तीस आणि छत्तीस बहात्तर. ९० मधून ७२ गेले, १८ राहिले. म्हणजे प्रत्येक पट्टीच्या टोकाचा एक हात तुकडा कापून निघेल. तो टाकू नका. ठिगळाला लागतो. आम्ही त्यातून आक्कांना एक कानटोपी शिवली.

चौथी गोष्ट, कापणे. इथे आमच्या गावच्या शिंपीदादांनी आम्हाला वेळीच अडवले. आम्ही कात्री उचलली होती. ते म्हणाले, "गुरुजी, आधी टाका, मग कात्री." विणलेली लोकर कापली की कडेचे धागे सुटतात. म्हणून जिथे कापायचे तिथे खडूने रेघ ओढायची. रेघेच्या दोन्ही अंगांना, बोटभर अंतरावर, धावदोरा घालायचा. मग रेघेवरून कापायचे. कापलेल्या कडेवरून दोरा गुंडाळत टाके घालायचे, म्हणजे धागे सुटत नाहीत.

घोंगडी मध्ये चांगली असेल तर तिचे दोन भाग करायची गरज नाही. दुमडून मध्य काढा आणि फक्त १२ इंचांची फट कापा. आमची विरली होती म्हणून आम्ही मधला पट्टा काढून टाकला.

पाचवी गोष्ट, जोडणे. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवा. एकीची कड दुसरीवर एक इंच चढवा. दोरा सुती आणि जाड घ्या. तो दुहेरी करा आणि मेणावरून ओढा, म्हणजे तो गुंतत नाही आणि लवकर झिजत नाही. सुई जाड हवी. घोंगडी फार घट्ट असेल तर दाभण घ्या. खालून सुरुवात करा. पुढच्या बाजूने २९ इंच हातटीप घाला आणि थांबा. मग १२ इंच मोकळे सोडा. तिथून पुढे मागच्या टोकापर्यंत ३१ इंच हातटीप घाला. २९ आणि १२ आणि ३१, बहात्तर होतात. जुळले ना? मग त्याच जोडावर दुसरी ओळ घाला. एका ओळीचा दोरा तुटला तरी दुसरी धरून ठेवते.

मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण २२ ते २३ इंच असतो. १२ इंचांची फट उघडली की २४ इंच होतात. डोके सहज जाते. ज्यांचे डोके मोठे त्यांनी आधी सुतळीने मोजून घ्यावे. फट लहान राहिली तर दोन टाके उसवता येतात. मोठी झाली तर थंडी आत शिरते.

सहावी गोष्ट, गळा. लोकर मानेला टोचते. म्हणून गळ्याची कड आत दुमडून तिच्यावर सुती कापडाची पट्टी लावा. आक्कांनी आपल्या जुन्या लुगड्याचा काठ काढून दिला. गळ्याच्या फटीच्या दोन्ही टोकांवर ताण येतो. फाटायचे तर तिथूनच फाटते. तिथे बोटभर ठिगळ लावा आणि त्यावरून चार वेळा टाके फिरवा.

सातवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, ती म्हणजे बंद. खांद्यापासून एक हात खाली, म्हणजे १८ इंचांवर, दोन्ही बाजूंना बंद लावा. पुढच्या कडेला एक, मागच्या कडेला एक, असे दोन्ही बाजू मिळून चार. बंद वीतभर लांब पुरे. ते बगलेखाली बांधले की वाऱ्याने कड उडत नाही आणि वाकले तरी पुढे लोंबत नाही. पण निरगाठ मारू नका. सुरगाठ मारा. काही झाले तर एका ओढीत सुटली पाहिजे.

चुलीपुढे बसणाऱ्या बाईने आणखी एक करावे. पुढची बाजू खालून एक वीत वर दुमडावी आणि दोन्ही कडांना शिवून टाकावी. मग पुढची लांबी २७ इंच होते. बसल्यावर ती विस्तवाकडे लोळत नाही. आणि दुमडलेल्या भागाचा आपसूक खिसा होतो. आक्का त्यात चष्मा ठेवतात. चष्म्याशेजारी आता पेन्सिलही असते.

आता चार गोष्टी करू नका, त्या सांगतो.

मळणी यंत्र, उसाचे चरक, पिठाची गिरणी, पंपाचा पट्टा यांच्याजवळ गळघोंगडी घालून जाऊ नका. फिरते चाक कापड ओढते आणि कापडाबरोबर माणूस ओढते. तिथे थंडी सोसा, पण अंगाबरोबरचे कपडे घाला. मोटारसायकलवर बसताना ती काढून ठेवा. विहिरीत उतरताना काढून ठेवा. तान्ह्या मुलाला ती घालून झोपवू नका. झोपेत ती तोंडावर आली तर बाळाला श्वास घेता येत नाही.

एवढे सांभाळले तर ही वस्तू पुष्कळ वर्षे टिकते. खर्च किती आला? दोऱ्याचे रीळ आणि एक जाड सुई. बाकी सगळे घरातलेच. वेळ किती लागला? आम्हाला दोन दिवस लागले, कारण आमचा हात शिवणाचा नाही. तुमच्यापैकी ज्या बाया वाकळा शिवतात, त्यांना एक दुपार पुरेल.

आक्कांनीच तिचे नाव 'गळघोंगडी' ठेवले. पहिल्यांदा ती घालून त्या ओसरीवर आल्या, तेव्हा गल्लीतली पोरे हसली. एक पोर म्हणाले, "आजी, तुम्ही घोंगडीतून उगवल्या." आक्का म्हणाल्या, "हसा रं. पहाटं मागायला याल." आणि खरोखर तसेच झाले. दारे धरायला जाणाऱ्या एका गड्याने पहाटे येऊन विचारले, "आक्का, आजच्या रातीपुरती देता का?" ती रात्रभर त्याच्या अंगावर होती. दुसऱ्या दिवशी त्याने ती परत केली आणि आपले जुने कांबळे घेऊन आला. त्याच्या बायकोने आमच्या ओसरीवर बसून ते शिवले. मापे आक्कांनी सांगितली. पुस्तकात न बघता.

फाटक्या कपड्याची लाज वाटून घेऊ नका. गाडगेबाबा १९५६ साली गेले. आयुष्यभर त्यांच्या अंगावर ठिगळांचे वस्त्र होते आणि थोरामोठ्यांनी त्यांच्यापुढे मान लववली. ठिगळ लावलेले असावे. उघडे भोक मात्र असू नये. घोंगडीला नाही, आणि शिकण्यालाही नाही. उशीर झाला म्हणून काय झाले? जिथे विरले असेल तिथूनच गळा काढायचा.

शेवटची हकिकत सांगतो आणि थांबतो. परवा आक्का आमच्याबरोबर बाजारात आल्या होत्या. एका दुकानात ब्लँकेटे टांगली होती. गुलाबी, फुलांची, अगदी तशीच. दुकानदार म्हणाला, "आजी, घ्या. एकदम ऊबदार आहे." आक्कांनी ब्लँकेट हातात घेतले. चारही कोपरे चाचपले. चिठ्ठी सापडली. ती दुकानदारापुढे धरून म्हणाल्या, "हिच्यावर काय लिवलंय ते मोठ्यानं वाच. मला मराठी येतं. इंग्रजी अजून व्हायचंय."

दुकानदाराने वाचले. आक्कांनी ऐकले आणि ब्लँकेट घडी करून परत ठेवले. आम्ही शेजारी उभे होतो. आम्ही काही बोललो नाही.

आक्का आज वर्गात मागच्या रांगेत बसल्या आहेत. माप चुकले तर त्यांना विचारा, आम्हाला नको. उद्या येताना ज्याच्या घरी जुने पांघरूण असेल त्याने ते घेऊन यावे. सुई आणि दोरा आम्ही आणतो. फळ्यावरची मापे प्रत्येकाने वहीत लिहून घ्या आणि लिहिलेली एकदा वाचून पाहा. लिहिलेले वाचायचे असते, हे विसरू नका.

इतके बोलून आम्ही आमचे भाषण पुरे करतो. रात्र झाली आहे. विस्तव विझवून मगच झोपा.